दोन बोटं जागा

१

गवंड्याने विटा उतरवून घेतल्या होत्या, माल कालवून ठेवला होता, आणि भिंत बांधायला मात्र तो तयार नव्हता.

"मॅडम, रेघ सरकली आहे," तो फोनवर म्हणाला. "आपोआप नाही. कोणीतरी सरकवली आहे."

"किती?"

"दोन बोटं."

मला हसू आलं. घटस्फोटानंतरच्या वाटण्या लावून देण्यात माझी हयात गेली. लोकांनी कपाटंच्या कपाटं गायब केलेली मी पाहिली आहेत. एका गृहस्थांनी तर स्वयंपाकघराचा ओटा उखडून नेला होता. पण दोन बोटं जागा? तेवढ्यात झाडूसुद्धा उभा राहत नाही.

"हसू नका," गवंडी म्हणाला. "इथे मुलगी रडते आहे आणि बाई म्हणतात, मी सही करणार नाही."

माझं हसू तिथेच थिजलं. सही आजच व्हायला हवी होती. कोर्टाने मला मध्यस्थ म्हणून नेमलं तेव्हाच बजावलं होतं की ही शेवटची मुदत. आज संध्याकाळपर्यंत वाटणीच्या करारावर दोघांच्या सह्या झाल्या नाहीत, तर उद्यापासून ते अख्खं घर विकायला निघणार होतं.

घर कोणाचं, तर दोघांचं. बाई कपडे बेतून शिवतात आणि कटिंग शिकवतात. गावभर त्यांना कटिंगबाई म्हणतात. त्यांचे एके काळचे यजमान तसबिरींना चौकटी करतात, म्हणून ते फ्रेमवाले. मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास दोघांचा घटस्फोट झाला. आता ती मुलगी दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे वाकवते. इतकी वर्षं घर दोघांच्या नावावर तसंच राहिलं. बाई तिथे राहिल्या, फ्रेमवाले भाड्याच्या दुकानात आणि दुकानामागच्या खोलीत. वाटणीचा विषय काढायचा तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं, आणि ते दोघं बोलत नव्हते. एक अक्षर नाही. जे काही सांगायचं ते मुलीमार्फत. मी मनातल्या मनात तिचं नाव पोस्टमन ठेवलं होतं.

आता फ्रेमवाल्यांच्या दुकानाची इमारत पाडायला घेतली होती. त्यांना जागा हवी होती आणि घराचा अर्धा वाटा त्यांचा होताच. दोघांनी, अर्थात मुलीमार्फत, एकच अट घातली होती. रेघ सरळ, वाटे समान. कोणाचे कोणावर उपकार नकोत.

ती सरळ रेघ काल दुपारी सगळ्यांसमोर मारली होती. आणि आज ती दोन बोटं चालून गेली होती.

२

मधल्या मोठ्या खोलीत मी वाकून पाहिलं. गवंडी निळीत बुडवलेलं सूत जमिनीवर ताणतात, मधेच उचलून सोडतात, आणि फटकन सरळ निळी रेघ उमटते. ही रेघ तशीच होती. निळी, सरळ, काटेकोर. फक्त चुकीच्या ठिकाणी.

"तुमचं सूत?"

"माझंच. डबी काल इथेच कोपऱ्यात ठेवून गेलो. बांधायच्या आधी मी पुन्हा मोजतो, सवय आहे. म्हणून सापडलं." त्याने बोट दाखवलं. "पहिली रेघ पुसली आहे. ओल्या फडक्याने."

दारातून आत पाहिलं की डावा भाग बाईंचा, उजवा फ्रेमवाल्यांचा. समोरच्या भिंतीत एक मोठी खिडकी. रेघ खिडकीच्या डाव्या अंगाने जात होती, म्हणजे खिडकी फ्रेमवाल्यांच्या वाट्याला. ते तर कालच ठरलं होतं. पण आता रेघ आणखी डावीकडे सरकली होती. बाईंच्या वाट्यातली दोन बोटं कमी झाली होती आणि फ्रेमवाल्यांची वाढली होती.

रेघ भिंतीला भिडत होती तिथे पायथ्याशी एक बारीक पांढरी खूण होती. तिच्यापासून दोन बोटांवर, उजवीकडे, तशीच आणखी एक. समोरच्या टोकालाही तशीच जोडी.

"या खुणा?"

"माझ्या नाहीत. मी खिळ्याने ओरखडा काढतो." गवंड्याने उजव्या खुणेवर बोट ठेवलं. "ही बरोबर कालच्या जागेवर आहे बघा. ज्याने कोणी केलं त्याला खरी जागा माहीत होती. माहीत असून तो पुढे गेला."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरी जागा नीट मोजून, तिच्यावर खूण करून, मग दोन बोटं पुढे जायचं? चोर इतका व्यवस्थित नसतो.

"दिसतंय ना आता?" मागून मुलगी म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "ज्याचा फायदा, त्याचं काम. बाबांकडे किल्ली आहे. मावशी, मला त्यांची लाज वाटते."

३

कटिंगबाई खिडकीखालच्या टेबलाशी उभ्या होत्या. हे टेबल मी पहिल्यांदा आले तेव्हापासून तिथेच होतं. सकाळचा उजेड त्याच्यावर असा सरळ उतरत होता की काळ्या कापडावरचा काळा दोरासुद्धा दिसावा.

"बसा," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत. एका डॉक्टरांचा पांढरा कोट त्या पुन्हा बेतत होत्या. चपट्या खडूने खूण, टेप फिरवून दुसरी खूण, मग कात्री. कात्री अशी चालत होती की पाहत राहावं.

"पुन्हा का?"

"पहिल्याला डाग पडला." त्यांनी तुटक उत्तर दिलं आणि इस्त्री टेबलावरून उचलून खाली ठेवली. जुन्या पद्धतीची, लोखंडी, जड इस्त्री. तिच्या कडेला काहीतरी निळसर लागलेलं होतं.

"काल संध्याकाळी तुम्ही घरी होता?"

"शिकवणीला गेले होते. परत आले, जेवले, झोपले."

"रेघ पाहिलीत?"

कात्री थांबली. "माझ्या घरात रेघ आहे आणि मी पाहणार नाही?"

"कुठे होती?"

"होती तिथे होती." त्यांनी नाक मुरडलं. "हे पाहा मॅडम, मी कोणावर आळ घेत नाही. पण काही माणसांना राग आला की ती मोठं काही करत नाहीत. बारीक टोचतात. दोन बोटं! चांगली हातभर घेतली असती तर मी समजले असते. दोन बोटं म्हणजे चिमटा आहे. मला नको ती भिंत आणि नको ते घर. विका."

"राग कशाचा आला असेल त्यांना?"

बाईंचा चेहरा क्षणभर उघडा पडला. मग दार लागावं तसा मिटला. "ते त्यांना विचारा," त्या म्हणाल्या.

त्यांना काहीतरी माहीत होतं. पण त्या ताकास तूर लागू देत नव्हत्या.

४

फाटकाशी एजंट उभा होता. त्याला कोणी बोलावलेलं नव्हतं, पण एजंटांना बोलवावं लागत नाही.

"वाईट झालं," तो आनंदाने म्हणाला. "माझ्याकडे अख्ख्या घराला गिऱ्हाईक आहे. भिंत नसलेल्या."

"म्हणजे भांडण झालं तर तुमची चांदी."

"मॅडम, मी धंदा करतो, पाप नाही. काल संध्याकाळी फोटो काढायला आलो होतो. फाटकातूनच. तेव्हा फ्रेमवाले आतून बाहेर पडत होते. बगलेत काहीतरी लांबलचक. मला पाहून असे दचकले, जसं काही बँक लुटून चालले आहेत."

"आणि तुम्ही आत गेला नाहीत?"

"गेलो असतो तर दोन बोटांवर थांबलो असतो का?" त्याने हात पसरले. "भांडण लावायचं तर मी दार सरकवीन."

माणूस मला आवडत नव्हता, पण मुद्दा बिनतोड होता. एवढा धोका पत्करून कोणी दोन बोटं हलवत नाही.

मुलगी माझ्याबरोबर गाडीत बसली. वाटेत मी तिलाही विचारलं. किल्ली तिच्याकडेही होती.

"तुला भिंत नको असेल तर मी समजू शकते. बऱ्याच मुलांना नको असते. मोठी झाली तरी."

"नको?" ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "मावशी, मला भिंत हवी आहे. चांगली जाड हवी आहे. माझ्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा मी आईचा निरोप बाबांना आणि बाबांचा आईला देत होते. 'आईला सांग, अभिनंदन.' 'बाबांना सांग, त्यांचंही.' पास मी झाले होते! एकदा भिंत झाली, ज्याचं त्याला मिळालं, की मी सुटले. तेवढंच मागते आहे मी."

मी तिच्या हातावर हात ठेवला. या प्रकरणात खरं काय पणाला लागलं होतं ते मला तेव्हा लख्ख कळलं. घर तर होतंच. पण ही पोर आज सुटली नाही तर जन्मभर निरोप पोचवत राहणार होती, आणि आता तर 'चोर' हा शब्दही.

५

फ्रेमवाल्यांचं दुकान अर्धं रिकामं झालं होतं. भिंतींवर तसबिरी नव्हत्या, त्यांच्या जागचे फिके चौकोन होते. मधे मात्र भलं मोठं टेबल, आणि त्याच्यावर काचेचं पूर्ण पान आडवं. फ्रेमवाले कानामागे पेन्सिल खोचून, पट्टी लावून काच कापत होते. मुलगी दारातच थांबली. आत यायला तिचा पाय उठेना.

"रेघ सरकली आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. हिऱ्याची लेखणी पट्टीच्या कडेने सरसरत गेली. "कळलं का सगळ्यांना," ते हळूच म्हणाले. मग जरा थांबून, "हिच्या आईचं काय म्हणणं आहे? तिला चालत असेल तर मला चालेल. राहू दे तिथेच."

मी चमकले. ज्याने दोन बोटं ढापली तो असं बोलतो? *तिला चालत असेल तर?*

मी विषय बदलला. "काच चौकटीपेक्षा लहान कापताय."

"किंचित. नेहमीच. बरोबर मापाची कापली तर चौकट फुगली की काच तडकते. थोडी जागा सोडावी लागते. माझा हातच तसा वळला आहे. माझं माप कधी जास्त निघणार नाही, थोडं कमीच निघेल."

"मग ती दोन बोटं?"

"कसली दोन बोटं?"

"हिच्या आईची. रेघ तिच्या वाट्यात दोन बोटं शिरली आहे. तुमचं वाढलंय, तिचं कमी झालंय. ती सही करत नाही."

त्यांचा हात टेबलावर दाबला गेला आणि काचेचं ते पूर्ण पान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडकलं.

"तिचं कमी झालं?" त्यांनी विचारलं. काचेकडे पाहिलंही नाही. "कमी कसं होईल? खिडकी तर..."

आणि त्यांनी तोंड मिटलं. त्यानंतर मी जंग जंग पछाडलं, पण हा गृहस्थ तोंडात मूग गिळून बसला तो बसलाच. शेवटी एवढंच म्हणाले, "तिने माझ्या तोंडावर फेकली म्हणायची. वर आणखी दोन बोटं घालून."

दारातून मुलगी निघून गेली होती.

६

मी घरी परतले तेव्हा दुपार कलली होती. खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं आणि फरशीवर लांब पसरलं होतं. तिरपं ऊन मोठं चुगलखोर असतं. सकाळी न दिसलेलं सगळं ते दाखवतं.

खिडकीच्या *उजव्या* अंगाला, फ्रेमवाल्यांच्या वाट्यात बरंच आत, फरशीचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा स्वच्छ होता. समोरच्या भिंतीपासून दारापर्यंत. तिथेही कोणीतरी ओलं फडकं फिरवलं होतं. मी गुडघ्यांवर बसले. फरशांच्या सांध्यांमध्ये, जिथे फडकं पोचत नाही तिथे, बारीक करडे ठिपके होते. प्रत्येक सांध्यात एक, सगळे एका ओळीत.

पेन्सिल.

मी उठले आणि चक्क मोठ्याने हसले. गवंडी विटेवर बसून डबा खात होता, तो दचकला.

"मिस्त्री, सूत एकट्याला मारता येतं?"

"एका टोकाला काहीतरी जड ठेवलं तर येतं. नाहीतर दोन माणसं लागतात."

नीळ लागलेली ती इस्त्री मला आठवली. आणि डाग पडलेला डॉक्टरांचा कोट. मग मी मुलीला फोन लावला. "बाबांना घेऊन ये," मी म्हटलं. "नाही आले तर गुडघे वाकवून आण."

७

सगळे खोलीत जमले. बाई रेघेच्या डावीकडे, फ्रेमवाले उजवीकडे, मुलगी बरोबर रेघेवर. इतक्या वर्षांची सवय. एजंट दारात टेकून उभा होता. मी त्याला हाकललं नाही; अशा वेळी प्रेक्षक असला की माणसं नीट वागतात.

"रेघ एकदा सरकली असं आपण धरून चाललो," मी सुरुवात केली. "ती दोनदा सरकली. आधी पुष्कळ, आणि मग परत येताना दोन बोटं जास्त."

मी फ्रेमवाल्यांकडे वळले.

"काल संध्याकाळी बाई शिकवणीला गेल्यावर फ्रेमवाले किल्ली लावून आत आले. बगलेत चौकटीची लांब पट्टी. त्यांनी निळी रेघ पुसली आणि पट्टी लावून पेन्सिलने दुसरी मारली. ती तिकडे." मी उजवीकडे बोट दाखवलं. "खिडकीच्या पलीकडे. स्वतःचा खिडकीएवढा वाटा कमी करून. फरशीच्या सांध्यांत पेन्सिल अजून आहे, ज्याला पाहायची त्याने वाकून पाहावी."

मुलीने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाबा?"

फ्रेमवाले जमिनीकडे पाहत होते. "आईला सांग," ते पुटपुटले, "मिस्त्रीला सकाळी फोन करणार होतो की नीळ पुसट झाली म्हणून पेन्सिलने पक्की केली. भिंत उभी राहिली असती, कोणी पुन्हा मोजलं नसतं. ते टेबल त्या खिडकीखालून हललं तर तिचे डोळे जातील. तिथला उजेड... लग्नाच्या वर्षीच ते टेबल तिथे लावलं होतं, मीच. तिने मागितली असती तर दिली असती खिडकी. पण ती मागायची नाही आणि मी दिली तर घ्यायची नाही."

"बरोबर," मी म्हणाले. "घेतली नाहीच. बाई शिकवणीहून आल्या, पेन्सिलची रेघ पाहिली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. उपकार! त्यांनी ती रेघ पुसली, कोपऱ्यातलं सूत काढलं, एका टोकावर इस्त्री ठेवली आणि रेघ जागच्या जागी परत मारली. बरोबर?"

कटिंगबाईंनी मान ताठ केली. "हो. जिथे होती तिथेच मारली. मोजून." मग मुलीकडे वळून, "आणि बाबांना सांग, उपकाराचा राग आला म्हणून नाही. त्यांचं काचेचं टेबल केवढं आहे मला माहीत नाही का? एवढी जागा सोडली तर ते टेबल बसणार कुठे? काच काय उभ्याने कापणार? उदारपणा करायचा आणि स्वतः उपाशी राहायचं, ही जुनी खोड. पण मग नंतर येऊन ती दोन बोटं..."

"आईला सांग, मी नंतर आलोच नाही. तिनेच..."

"मी कशाला माझी जागा..."

"थांबा," मी म्हणाले. "दोघंही खरं बोलता आहात. बाई, तुमचा खडू आणि टेप घ्या. काल जशी मोजली तशी मोजा. कुठून मोजलीत?"

"त्यांच्या भिंतीपासून. माझ्या भिंतीला कापडाची ठाणं लावली आहेत, टेप सरळ जात नाही." त्या उजव्या भिंतीशी गेल्या. फणकाऱ्यानेच. टेप धरली, ठरलेल्या मापावर आल्या, चपट्या खडूने बारीक खूण केली. आणि मग, कोणी काही न सांगता, त्यांच्या हाताने त्याच लयीत पुढे दोन बोटं टेकवली आणि दुसरी खूण केली. आणि सूत धरायला म्हणून बोट गेलं ते दुसऱ्या खुणेवर.

 बाई स्वतःच्या हाताकडे पाहत राहिल्या.

"शिवणीचं कापड," मी म्हणाले. "माप एका खुणेवर आणि कात्री दुसऱ्या खुणेवर. सकाळी तो कोट बेतताना मी पाहिलं होतं. गिऱ्हाइकाचं माप घेतलं की त्याच्याहून जास्त ठेवायचं. काल गिऱ्हाईक कोण होतं? तुम्ही त्यांचा वाटा बेतत होता. त्यांना दोन बोटं जास्त सुटली. चोरी कोणी केलीच नाही. जिचं कमी झालं तिनेच दिलं, नकळत."

"अरे देवा," एजंट दारातून म्हणाला, आणि त्या आवाजात धंदा नव्हता.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते सांगता येईना. "इतकी वर्षं कात्री चालवली," त्या म्हणाल्या, "आणि घर कापताना शिवण सोडली."

८

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. गुन्हा नाही, गुन्हेगार नाही, रेघ दोन बोटं मागे घ्या आणि सह्या करा. पण मग खिडकी फ्रेमवाल्यांकडे गेली असती, जे तिला पाठ करून काच कापणार होते, आणि बाई अंधारात सुईत दोरा ओवणार होत्या. समान वाटे, आणि दोघंही तोट्यात.

"आईला सांग," फ्रेमवाल्यांनी सुरू केलं, "खिडकी..."

"बाबांना सांग, टेबल..."

"मी नाही सांगणार!"

मुलगी रेघेवरून बाजूला झाली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. "ती समोर आहे, बाबा. ते समोर आहेत, आई. दोघांनाही ऐकू येतं. आज मी तुम्हाला चोर ठरवलं, बाबा, निरोप पोचवता पोचवता. बास. मी इथे नाहीये असं समजा."

दोघं तिच्याकडे पाहत राहिले. मग नाइलाजाने एकमेकांकडे. पोहायला न येणाऱ्या माणसाने पाण्याकडे पाहावं तसे.

घसा आधी बाईंनी खाकरला.

"तुमचं टेबल," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग धीर करून, "भिंतीला लावून ठेवता की मधे?"

"मधे," फ्रेमवाले म्हणाले. आवाज चिरकला. "चारी बाजूंनी फिरावं लागतं."

"मग तुम्हाला जागा दाराकडे हवी. खिडकीकडे नाही."

"दाराकडे तुझी अडगळीची खोली आहे."

"अडगळच आहे ना तिच्यात?" बाई उठल्या. तपकिरी कागदाचा ताव ओढला आणि खडूने खोलीचा आकार काढला. "कापड कमी असलं की मी तुकडा सरळ लावत नाही, फिरवून लावते. रेघ इथपर्यंत सरळ येऊ दे. मग खिडकीच्या पलीकडे वळू दे. तेवढं माझं. आणि दाराकडे उलटी वळून अडगळीची खोली तुमच्या पोटात. तेवढं तुमचं. सारखंच होतं. मोजा हवं तर."

फ्रेमवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि मोजलं. "किंचित कमी पडतंय."

"कोणाला?"

"मला. पण माझं माप नेहमी कमीच येतं. म्हणजे बरोबर आहे." ते कागदावर वाकले. "कोपरे दोन. कोपरे मला जमतात. चौकट म्हणजे दुसरं काय असतं?"

मी गवंड्याकडे पाहिलं. "भिंत वळवता येईल?"

"विटा वळतात की. तुम्ही सगळे सरळ, सरळ करत होता म्हणून मी सरळ म्हटलं."

बरोबर होतं त्याचं. सरळ रेघेचा आग्रह आम्हीच धरला होता, मीसुद्धा. सरळ रेघ मारायला एकमेकांशी बोलावं लागत नाही. वळण घ्यायचं तर विचारावं लागतं, तुला कुठे अडतं आणि मला कुठे. इतकी वर्षं त्या घराला तेवढीच गोष्ट हवी होती आणि ती कोणाच्या यादीत नव्हती.

मी कराराला नवा नकाशा जोडला. दोघांनी सह्या केल्या, बाईंनी आधी. एजंटाने फाटकापर्यंत जाऊन, परत येऊन, फ्रेमवाल्यांचं नवं दुकान कधी उघडणार ते विचारलं. त्याच्याकडे म्हणे चौकटीला द्यायचा एक जुना फोटो होता.

गवंड्याने जुनी रेघ पुसली, सुताला नीळ लावली आणि इकडेतिकडे पाहिलं. "आधी मधला सरळ भाग मारू. एक टोक कोण धरतंय? इस्त्री आणू का?"

मुलगी सवयीने पुढे झाली. मग तिला स्वतःचंच बोलणं आठवलं, आणि ती मागे येऊन माझ्याजवळ विटांच्या ढिगावर बसली. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. दमलेल्या माणसाचं डोकं जड असतं, तसं ते जड होतं.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या आणि एक टोक घेऊन खिडकीशी बसल्या. फ्रेमवाले दुसरं टोक घेऊन दाराशी गेले.

"ताणा," बाई म्हणाल्या.

"ताणलंय. तू धर नीट."

"मी धरलंय. तुम्ही किंचित इकडे या. हां. बास."

दोघांच्या मधे सूत ताठ झालं. गवंड्याने ते मधोमध चिमटीत उचललं आणि सोडलं.